वेगळे वाटणे

भांडणाच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे, हे तिच्या वैऱ्यालाही कबूल करावे लागेल. नवराबायकोची कुरबुर होते, जावाजावांची धुसफूस चालते, शेजाऱ्याशी बाचाबाची होते, भाऊबंदांत तंटा लागतो, व्याह्यांत वितुष्ट येते, भागीदारांत बेबनाव होतो, मित्रांचे बिनसते आणि पुढाऱ्यांचे फिसकटते. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, जमायचे नाही. नवराबायकोत 'बेबनाव' झाला म्हणजे प्रकरण वर्तमानपत्रात छापण्याजोगे झाले. आणि व्याह्यांची नुसतीच 'कुरबुर' झाली असेल, तर लग्न सुखरूप पार पडले म्हणायचे.

यातले काही शब्द आपले, काही अरबी-फारसीतून आलेले. गंमत अशी की पाहुणे म्हणून आले तेव्हा हे शब्द मोठे सभ्य होते. 'हुज्जत' म्हणजे मूळ अरबीत पुरावा, प्रमाण. आपण ती घालू लागलो आणि तिच्यातला पुरावा तेवढा गळून पडला. 'तकरार' म्हणजे पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. तिची 'तक्रार' करताना आपण फारसा अर्थ बदलला असे मला वाटत नाही. 'हरकत' म्हणजे हालचाल. हालचालीचा अर्थ अडथळा असा कसा झाला, हे ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातले असतील त्याला सांगायला नको. आणि आपला घरचा 'वाद'! न्यायशास्त्रात त्याला केवढा मान. सत्य शोधण्यासाठी दोघांनी मिळून करायचा तो वाद. नुसते जिंकण्यासाठी करायचा तो जल्प. आणि स्वतःचा काही पक्षच न मांडता समोरच्याचे खोडत सुटायचे ती वितंडा. आपण जल्प विसरलो, वितंडेला वादाच्या गळ्यात बांधून 'वितंडवाद' केला, आणि घरात कोणी तोंड उघडले की "उगाच वाद नको" म्हणून त्याला गप्प करू लागलो.

एवढ्या सगळ्या गोतावळ्यात एक शब्द मात्र मला सापडेना, आणि तो सापडावा अशी वेळ माझ्यावर तीन वर्षांपूर्वी आली.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जुनी पुस्तके काढून टाकण्यासाठी सात जणांची एक समिती नेमली होती. मराठी विभागाची म्हणून मी तिच्यात. दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही कोणी घरी नेले नाही ते निरुपयोगी, असा साधा नियम ठरला होता. यादी वाचताना माझ्या ध्यानात आले की जुन्या मासिकांचे नि दिवाळी अंकांचे बांधीव खंड त्या यादीत सरसकट आले आहेत. ते यायचेच! 'ग्रंथालयाबाहेर नेऊ नये' असा शिक्का ज्यांच्यावर आपणच मारला, ते खंड कोणी घरी कसे नेणार? हे मी बैठकीत सांगितले. सगळे हसले, मुद्दा बरोबर आहे म्हणाले, आणि यादी मंजूर झाली. जागा हवी होती. ती कशासाठी हवी होती हेही सर्वांना ठाऊक होते. तेव्हा मी म्हटले, माझी सही हवी असेल तर खाली माझ्या सहा ओळी येतील.

पहिला प्रश्न पडला तो हेडक्लार्कना. त्या सहा ओळींना शीर्षक काय द्यायचे? त्यांनी आधी लिहिले, 'बाईंची तक्रार'. मी म्हटले, "अहो, माझी तक्रार नाही." मग त्यांनी 'हरकत' केले. तेही मला पटेना. मी ठरावाला अडवले नव्हते, तो सहाविरुद्ध एक असा रीतसर मंजूर झाला होता. 'विरोध' म्हटले तर मी मोर्चा घेऊन आल्यासारखे दिसत होते. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बाई, इंग्रजीत डिसेंट म्हणतात, ते ठेवू का?" शासकीय परिभाषेत त्याला 'भिन्नमतपत्रिका' असा शब्द आहे, तो मी सुचवला. त्यांनी तो दोनदा मनाशी उच्चारून पाहिला आणि म्हणाले, "रकान्यात मावायचा नाही."

दुसरा प्रश्न अध्यक्षांचा होता. त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीने विचारले, "बाई, तुमचं कोणाशी काही बिनसलंय का?" बैठक संपवताना, "मतभेद असावेत, पण मनभेद नसावेत," हे आपल्याकडे अशा वेळी म्हणायचे असते ते वाक्यही ते म्हणाले. पुढे आठ महिने ते माझ्याशी पावसापाण्यापलीकडे काही बोलले नाहीत.

त्या रात्री मी घरी येऊन 'डिसेंट'चे कूळ काढले. मराठीच्या प्राध्यापकाला दुःख झाले की तो कोश उघडतो. त्याने दुःख कमी होत नाही, पण वेळ जातो.

लॅटिनमध्ये 'सेन्तिरे' असा एक धातू आहे. त्याच्यामागे 'डिस्' म्हणजे वेगळे, अलग, हा उपसर्ग लागून हा शब्द झाला, आणि पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला. या 'सेन्तिरे'ची लेकरे इंग्रजीत घरोघर आहेत. सेन्स त्यातलाच, सेंटिमेंट त्यातलाच. वास या अर्थाचा सेंटसुद्धा मूळचा यांच्यातलाच. त्याच्या स्पेलिंगात मधे जे 'सी' अक्षर घुसले आहे ते सतराव्या शतकात कोणीतरी विनाकारण घातलेले. बरोबरीने वाटणे ते कन्सेंट, लागून राहणे ते रिझेंट. न्यायाधीश शिक्षा सुनावतो ती सेंटेन्स आणि मुले व्याकरणाच्या तासाला वाक्य पृथक्करण करतात तीही सेंटेन्स, कारण 'सेन्तेन्तिया' म्हणजे मुळात मत, अभिप्राय. आपल्याला जे वाटते ते पुरते सांगणे म्हणजे वाक्य. (प्रतिस्पर्धी या अर्थाचा 'रायव्हल' शब्दही असाच शोधण्यासारखा आहे. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे दोघे ते रायव्हल. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, त्यांच्याकडे पाटाच्या पाण्यावरून फुटत असावीत.)

आता या 'सेन्तिरे'चा अर्थ काय? कोशात दोन दिलेले असतात. एक 'जाणवणे' आणि दुसरा 'मत असणे'. इंग्रजीला या दोहोंसाठी दोन क्रियापदे लागतात, म्हणून इंग्रज कोशकाराला इथे थोडे थांबावे लागते. मराठी माणसाला थांबावे लागत नाही. "मला थंडी वाटते" आणि "मला वाटते, हा ठराव चुकीचा आहे" या दोन्ही वाक्यांत आपण एकच क्रियापद कसलाही संकोच न करता वापरतो. रोमन माणसाचा 'सेन्तिरे' म्हणजे आपले 'वाटणे'. आणि डिसेंट म्हणजे सरळसरळ, वेगळे वाटणे.

हे लक्षात आले तेव्हा अध्यक्षमहाशयांच्या त्या वाक्यातली गोम मला दिसली. मत निराळे आणि मन निराळे, मत वरच्या खिशात आणि मन आत सदऱ्याखाली, असा त्यात एक समज आहे. व्याकरण त्याला पाठिंबा देत नाही. मत, मन, मती आणि मान हे चारही शब्द एकाच 'मन्' धातूचे. ज्याचे मत खरोखर वेगळे झाले त्याच्या मनाला काहीतरी झालेले असतेच. मनाला काहीही न होता जे वेगळे होते ते मत नव्हे, तो चहाच्या वेळचा विरंगुळा. आता मन दुखणे वेगळे आणि मन दुष्ट होणे वेगळे, हे मला मान्य आहे. पण मतभेदाने मनाला चरासुद्धा पडू नये अशी अपेक्षा जो करतो, त्याला मतभेदच नको असतो, असा माझा अनुभव आहे.

मराठीत 'वाटणे' आणखी दोन आहेत, हे जाता जाता सांगते. एक पाट्यावरचे आणि एक इस्टेटीचे. घराघरांतला क्रम बहुधा असा असतो की पहिल्या वाटण्यात फरक पडला की गोष्ट तिसऱ्या वाटण्यावर जाते, आणि मधले वाटणे ज्या बायका करीत असतात त्यांना पहिले वाटणे असते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. असो.

डिसेंट हा शब्द इंग्लंडात फार दिवस नुसता शब्द राहिला नाही. तो माणसांच्या एका मोठ्या समूहाचे नाव होऊन बसला. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि १६६२ मध्ये पार्लमेंटने एकरूपतेचा कायदा केला. सगळ्या चर्चमधून प्रार्थना एकाच पोथीतून झाली पाहिजे, आणि त्या पोथीतल्या प्रत्येक गोष्टीला आपला मनापासून 'असेंट' आणि 'कन्सेंट' आहे असे प्रत्येक धर्मोपदेशकाने उघड सांगितले पाहिजे. कायद्याने एकाच धातूचे दोन शब्द मागितले. ज्यांना ते म्हणवेनात त्यांच्यासाठी तिसरा तेवढा उरला. मुदत होती २४ ऑगस्ट १६६२. त्या वर्षी आणि त्याआधीच्या दोन वर्षांत मिळून सुमारे २००० धर्मोपदेशकांची उपजीविका गेली. हे लोक देव मानत नव्हते असे नव्हे. ते तोच देव मानत होते, तेच बायबल वाचत होते. पोथीतल्या काही वाक्यांवर "हो" म्हणताना त्यांची जीभ अडत होती, एवढेच.

ते "एवढेच" किती महाग पडले पाहा. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक माणसे अशा वेगळ्या प्रार्थनेला जमली तर गुन्हा ठरला. १६६५ च्या कायद्याने, ठरावीक शपथ न घेणाऱ्या उपदेशकाला तो जिथे काम करीत होता त्या गावाच्या पाच मैलांच्या आत येण्याची बंदी झाली. म्हणजे ज्यांच्या मुलांना नावे ठेवली, ज्यांची माणसे पुरली, त्यांच्याकडे पुन्हा फिरकायचे नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात, आणि तो उद्योग आपण इतका मन लावून केला की त्याविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा मंजूर करावा लागला. ऑक्सफर्डमध्ये चर्चची कलमे मान्य असल्याची सही केल्याशिवाय १८५४ पर्यंत नावच घालता येत नव्हते. सरकारी पदांच्या आड येणारे कायदे १८२८ साली उठले. पावणेदोनशे वर्षे म्हणजे सहा-सात पिढ्या, नुसते वेगळे वाटल्याबद्दल!

यातले काही जण तुमच्या-माझ्या ओळखीचे आहेत. जॉन बन्यन हा भांडी सांधणारा कल्हईवाला. परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून १६६० मध्ये त्याला बेडफर्डच्या तुरुंगात टाकले. उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते तर सुटला असता. ते न दिल्याने बारा वर्षे आत राहिला. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' त्याचे. ते एकोणिसाव्या शतकातच मराठीत आले. दुसरा डॅनियल डीफो. निर्जन बेटावरच्या रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट लिहिणारा हा माणूस जन्माने डिसेंटर होता. १७०२ साली त्याने एक निनावी पुस्तिका छापली. तिच्यात एखाद्या कडव्या सनातन्याचा आव आणून त्याने लिहिले, की या डिसेंटर लोकांचा एकदाच बीमोड करून टाकावा. थट्टा इतकी हुबेहूब साधली की कित्येक कडव्यांना ती खरी वाटली आणि आवडलीही. ती थट्टा होती हे कळल्यावर सरकार खवळले. १७०३ च्या जुलैत त्याला तीन दिवस लंडनच्या चव्हाट्यावर लाकडी खोड्यात मान अडकवून उभे केले. अशा माणसावर लोकांनी घाण फेकायची असा रिवाज. डीफोवर मात्र फुले पडली अशी आख्यायिका आहे. उपरोध लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. फुले पडतीलच असे नाही.

विद्यापीठांची दारे बंद म्हणून या लोकांनी आपल्या शाळा काढल्या, आणि तिथे जुन्या विद्यापीठांत न शिकवले जाणारे विषय शिकवले. जोसेफ प्रीस्टली अशाच वॉरिंग्टनच्या शाळेत भाषा शिकवी, म्हणजे माझ्याच धंद्यातला. त्याने १७६१ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि १७७४ मध्ये प्राणवायू वेगळा केला. १७९१ साली बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर आणि प्रयोगशाळा दोन्ही उद्ध्वस्त केली. तीन वर्षांनी तो अमेरिकेला निघून गेला. आणि विल्यम केरी! नॉर्थँप्टनशरचा हा चांभार बॅप्टिस्ट पंथाचा, म्हणजे डिसेंटरच. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात थारा नव्हता, म्हणून डॅनिश लोकांच्या सेरामपूरला त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी छापखाना थाटला. तिथून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश निघाला. आपल्या भाषेची विभक्ती-प्रत्ययांची रचना छापून काढणाऱ्या आरंभीच्या माणसांपैकी एक जण, स्वतःच्या देशात सही करायला तयार नसल्याने उपऱ्यासारखा राहणाऱ्यांच्या वंशातला होता. मराठीच्या वर्गात हे मी मुद्दाम सांगते.

डिसेंटचे आजचे घर म्हणजे न्यायालय. तिथे वेगळे वाटणे हा गुन्हा नाही. ते कारणांसह लिहायचे आणि निकालाबरोबरच छापायचे, अशी रीत आहे. रीत असली तरी सोपे नाही. १९४० साली, ऐन युद्धात, इंग्लंडच्या गृहमंत्र्याने एकाला चौकशीविना स्थानबद्ध केले. मंत्री म्हणतो त्याअर्थी कारण असेलच, असे चार न्यायाधीशांना वाटले. लॉर्ड ॲटकिन एकट्यांना तसे वाटले नाही. त्यांची भाषा इतकी झोंबली की निकाल देणाऱ्यांपैकी एका न्यायाधीशाने 'टाइम्स'ला पत्र लिहून राग व्यक्त केला. हे न्यायाधीश कथाकार सॉमरसेट मॉम यांचे थोरले बंधू. पुढे इंग्लंडच्या न्यायालयांनीच ॲटकिन बरोबर होते असे मानले.

आपल्याकडे तीच वेळ २८ एप्रिल १९७६ ला आली. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का? पाच न्यायमूर्तींपैकी चौघे नाही म्हणाले. न्या. हंसराज खन्ना एकटे हो म्हणाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत एक पुण्याचे होते, न्या. यशवंतराव चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या खासगीपणाच्या खटल्यात तो जुना निकाल चुकीचा म्हणून रद्द झाला, आणि तसे निकालपत्रात लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. (तारीख पुन्हा २४ ऑगस्टच. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो मला चटकन सोडवत नाही.)

आमच्या खंडांचे काय झाले? रद्दीच्या टेंपोतून गेले. माझ्या सहा ओळी फायलीत आहेत. पहिल्या वर्षी मला त्याचा फार राग होता. आता वाटते, पुढे कोणी ती यादी काढून 'ही पुस्तके गेली कशी' म्हणून विचारील, तेव्हा त्याला निदान एवढे दिसेल, की खोलीत सात माणसे होती आणि सातही जणांना एकच वाटले नव्हते. खन्नांच्या पानांशी माझ्या सहा ओळींची तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. पण जात एकच.

माझी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते. चंद्रचूड पितापुत्रांची ही हकीकत तिनेच एकदा जेवताना सांगितली. माझ्या सासूबाई कढी वाढून घेत होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हणजे मुलानं बापाचा निकाल फिरवला?"

"हो आजी."

"वडील होते का तेव्हा?"

"नाही. ते २००८ मध्येच गेले."

"हं, मग ठीक आहे," म्हणून सासूबाईंनी कढीचा डाव पातेल्यात ठेवला.

"असते तरी दिलाच असता त्यांनी, आजी. न्यायाधीशाला नातं बघता येत नाही."

सासूबाईंनी नातीकडे पाहिले, शांतपणे भात कालवला आणि म्हणाल्या, "मला नाही तसं वाटत."